विलंब टाळावा

साडेअकराच्या सुमाराला साहेब गेल्याचा फोन आला तेव्हा तिचा हात माऊसवरच होता. समोरच्या पडद्यावर साहेबांच्या नावापुढे हिरवी टिक केव्हाच उमटून गेली होती, खाली तारीख, तारखेखाली वेळ, आणि शेऱ्याच्या चौकटीत तिनंच नेहमीसारखे टाइप केलेले दोन शब्द: विलंब टाळावा. फोन शिपाईमामांचा होता. मामा रोज सकाळी गाडीबरोबर साहेबांना आणायला त्यांच्या घरी जायचे. "बाई, साहेब गेले," मामा म्हणाले. "झोपेतच. शेजारचे डॉक्टर आलेत, ते म्हणतात पहाटेच कधीतरी गेले असणार. अंग पार गार पडलंय." ती "हो" म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा "हो" म्हणाली. मामा पुढे कुणाकुणाला कळवायचं ते सांगत होते आणि ती पडद्यावरच्या त्या वेळेकडे बघत होती. सकाळचे दहा. दहा वाजता साहेबांनी फाइली मंजूर केल्या होत्या, एक नाही, दोन नाही, काल संध्याकाळपासून थांबलेली अख्खी रांग. पहाटे गेलेल्या माणसानं दहाला सह्या केल्या होत्या, आणि त्या करणारं बोट तिचं होतं. तिनं ते बोट माऊसवरून उचलून मांडीवर ठेवलं. एसीचा गार झोत मानेवर येत होता, तरी तळहाताला घाम सुटला होता, आणि तो तिनं साडीला पुसला.

फोन ठेवल्यावर तिला पहिल्यांदा सुचलं ते रडायचं नव्हे, खोडायचं. याची तिला दिवसभर लाज वाटत राहिली. इतकी वर्षं ज्यांच्या केबिनबाहेर बसून आपण त्यांची पावलं ओळखायला शिकलो, ते गेले, आणि आपण खोडायला बटण शोधतोय. पण बटण नव्हतंच. कागदाचे दिवस असते तर गोष्ट वेगळी होती. कागद माणसाळलेला असायचा. मागची तारीख घाला, पान काढून दुसरं लावा, फाइल आठवडाभर कपाटामागे पडून राहू द्या, कागद बिचारा काही बोलायचा नाही. सिस्टीममध्ये सही झाली की फाइल त्याच क्षणी पुढच्याच्या दारात जाऊन उभी, आणि सहीखाली वेळ. प्रशिक्षणाला आलेल्या माणसानं हेच तर कौतुकानं सांगितलं होतं, की आता वेळेची लबाडी बंद. आणि त्यानंच बजावलं होतं की ज्याच्या सहीचं डोंगल त्यानंच वापरायचं, दुसऱ्यानं वापरलं तर तो गुन्हा. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. साहेबांनी तर अंमळ जास्तच डोलावली होती. आणि सभागृहाच्या जिन्यातच त्यांनी ते बोटाएवढं डोंगल तिच्या हातात दिलं होतं. "बाई, हे असू द्या तुमच्याकडेच. माझ्याकडे हरवेल. सही म्हणजे हात, हो. हाताला कुठं पिन असते?" मग त्यांनीच एका जुन्या फाइलीची पांढरी फीत सोडून त्याला बांधली, म्हणजे ड्रॉवरमध्ये सापडायला बरं. पिन त्यांनी तिलाच ठरवायला सांगितली आणि ती कोणती आहे हे कधी विचारलंही नाही.

तशी रीत सगळीकडेच होती. या मजल्यावरच्या प्रत्येक ड्रॉवरमध्ये कुणा ना कुणा साहेबाचा हात पडून होता. संध्याकाळी साहेब तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि ती एकेक फाइल उघडून चार वाक्यांत सांगायची. "हं" म्हणजे मंजूर. "अंहं" म्हणजे परत. नुसतंच नाक ओढलं तर राहू दे, उद्या बघू. सकाळी ते यायच्या आत ती पिन घालून रांग मोकळी करायची, कारण दिवसाहून जास्त थांबलेली फाइल सिस्टीममध्ये लाल व्हायची आणि लाल आकडे मोठ्या साहेबांच्या बैठकीत भिंतीवर झळकायचे. "बाई, माझी अब्रू तुमच्या बोटात," ते म्हणायचे. शेरा काय लिहू असं सुरुवातीला ती विचारायची. "लिहा काहीतरी. लोक काय करतात? उगीच वेळ काढतात. विलंब टाळावा, लिहा." तेव्हापासून तेच, झाडाच्या फाइलीवर तेच, फर्निचरच्या फाइलीवरही तेच. बाहेरून फोन यायचा, "अमुक फाइलीवर सही कुणाची आहे हो?" आणि ती दुसरं काम करता करता म्हणायची, "साहेबांची." त्यात खोटं काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. काल संध्याकाळीही ते असेच बसले होते. सगळ्यांना "हं" म्हणाले होते. उठताना खुर्चीच्या पाठीला धरून जरा थांबले होते, आणि तिनं विचारलं नव्हतं की बरं वाटतंय ना. तिला वाटलं होतं, चष्मा शोधतायत.

ऑफिसच्या ग्रुपवर बातमी पडली आणि मोबाइल थरथरत टेबलावरून सरकू लागला. श्रद्धांजलीचं एकेक वाक्य यायचं आणि ती ते धास्तीनं उघडायची. आता कुणीतरी विचारेल. आता. मग मोठ्या साहेबांचा मजकूर आला. अखेरच्या श्वासापर्यंत कर्तव्य बजावणारा अधिकारी. आज सकाळी दहा वाजताही त्यांनी घरून सर्व प्रलंबित फाइली निकाली काढल्या. त्यांचा शेवटचा शेरा आपण सर्वांनी मनावर कोरावा: विलंब टाळावा. सोबत पडद्याचा फोटो, हिरव्या टिकेसकट. तिनं तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येतच होती. तिच्या रोजच्या दोन शब्दांना माणसं मोबाइलवर नमस्कार करत होती. छातीवरचं ओझं एकदम हललं. कुणी विचारणारच नव्हतं. तिची चूक सगळ्यांनी मिळून साहेबांच्या मोठेपणात जमा केली होती. तिला हायसं वाटलं आणि मागोमाग त्या हायसं वाटण्याचीच किळस आली, तरी हायसं वाटायचं काही थांबेना.

मग कॉम्प्युटरवाला आला. हा मनुष्य कधी समोर बसत नसे. टेबलाच्या कोपऱ्याला टेकून उभा राहायचा आणि बोलताना भिंतीवरच्या प्लगकडे बघायचा. "साहेब काल डोंगल घरी घेऊन गेले होते, नाही का बाई?" त्यानं विचारलं. प्रश्नाच्या पोटातच उत्तर होतं. "नेलंच असणार. त्याशिवाय दहाला सही कशी होईल?" तो प्लगला म्हणाला. "आता कुठल्या मशीनवरून झाली तेही सिस्टीमला कळतं म्हणा. पण ते काढून बघतंय कोण? मागायला हवं कुणीतरी. आणि मागणारा कसा मागेल, त्याच्याही ड्रॉवरमध्ये तेच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची." जाताना तो जरा घुटमळला. "फक्त डोंगल त्यांच्या घरात सापडायला पाहिजे. नवीन साहेब येतील, जुनं जमा करावं लागेल, तेव्हा ते घरून यायला पाहिजे. एवढं तुम्ही बघा." त्यानं हे भलेपणानं सांगितलं होतं. त्यात धमकी नव्हती, हे तिला कळत होतं. ड्रॉवर उघडून तिनं डोंगल काढलं, फीत त्याच्याभोवती गुंडाळली आणि ते पर्सच्या आतल्या कप्प्यात, किल्ल्यांखाली ठेवलं. कप्प्याची चेन लावली. मग उघडून, आहे ना ते पाहिलं, आणि पुन्हा लावली.

नवऱ्याला तिनं फोनवर निम्मंच सांगितलं. उरलेलं त्यानं ओळखलं. संसारात एवढं तर होतंच. "तू कुणाला काही बोलली नाहीस ना?" "नाही." "मग झालं. मूग गिळून बस. उगीच हरिश्चंद्र व्हायला जाऊ नकोस. नोकरी जाईल, वर चौकशी लागेल, आणि ज्यांच्यासाठी केलंस ते काही साक्षीला येणार नाहीत." तो वाईट माणूस नव्हता. घाबरला की तो हिशेबी बोलायचा. "जाऊन ये त्यांच्याकडे. वहिनींना भेट. डोकं दुखतंय म्हणून लवकर नीघ." त्यानं फोन ठेवला आणि आता खरंच तिचं डोकं दुखायला लागलं.

मोठ्या साहेबांच्या दुसऱ्या गाडीत मागच्या सीटवर ती मधोमध बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. शेजारची माणसं हळू आवाजात बदल्यांबद्दल बोलत होती. सिग्नलला गाडी थांबली की तिला वाटायचं, कुणीतरी काच ठोकून पर्स उघडायला सांगेल. असं वाटणं मूर्खपणाचं आहे हे कळूनही वाटायचं राहत नव्हतं. एका दुकानाच्या काचेमागे बादल्या रचून ठेवल्या होत्या, निळ्या, हिरव्या, आणि त्या बघून, का कोण जाणे, तिला आई आठवली. आई आणि आंघोळ. वडील हॉस्पिटलात होते तेव्हा आई त्यांच्या खाटेजवळून हलली नव्हती. शेवटी नर्सच म्हणाली, अहो, बरे आहेत ते, घरी जाऊन आंघोळ तरी करून या. आई गेली. ओल्या केसांनी परत आली तेव्हा खाटेवर चादर ओढलेली होती. त्यानंतर आई जगली खूप, नातवंडं पाहिली, हसायचीसुद्धा, पण आंघोळ म्हटली की तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं ठेवायची. दोन तांबे घाईघाईनं अंगावर ओतून, साबण कानामागे तसाच, बाहेर. आणि कधीही, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, मधेच म्हणायची, "मी आंघोळीला गेले नसते तर." पुढचं वाक्य नाही. त्या "तर"शीच ती थांबायची. डॉक्टरांनी सांगितलं, आईच्या भावानं सांगितलं, तिनं स्वतः चिडून सांगितलं, की आई, तू तिथं असतीस तरी ते जाणारच होते. "तुला काय ठाऊक," आई म्हणायची. आणि खरंच, कुणाला काय ठाऊक होतं? हातात दाखवायला काही नव्हतं.

साहेबांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता, आत शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या, कुणाच्या लाकडी, कुणाच्या प्लास्टिकच्या. मोठे साहेब कोपऱ्यात ताठ बसले होते. त्यांच्या शेजारी साहेबांचे थोरले भाऊ, बँकेतून निवृत्त झालेले, मोबाइल हातात धरून आल्यागेल्याला तोच हिरव्या टिकेचा फोटो दाखवत होते. "दहा वाजता. बघा. दहाला काम करत होता माझा भाऊ." आतल्या खोलीत साहेब होते. तिनं चेहऱ्याकडे बघायचं टाळलं आणि म्हणून तिला त्यांचा हात दिसला, चादरीबाहेर राहिलेला उजवा हात, आणि मधल्या बोटावर पेनानं पडलेला जुना घट्टा. इतक्या वर्षांत पेन सुटलं होतं, घट्टा गेला नव्हता. तिला आता रडू आलं. तोंडावर पदर धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं की डावा हात पर्सची चेन चाचपतो आहे.

रडणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही. ती सरळ पलीकडच्या छोट्या खोलीत गेली. तिथं साहेबांचं टेबल होतं, बंद लॅपटॉप, त्यावर धूळ, औषधांची पाकिटं, एक संपलेली रिफिल. या लॅपटॉपवर आज सकाळी कुणी काम केलं असं आंधळ्यालासुद्धा वाटलं नसतं, पण इथं बघणारं कोण होतं? तिनं पदरानं धूळ पुसली. ड्रॉवर ओढला, डोंगल आत ठेवलं, फीत जरा बाहेर दिसेल अशी, आणि ड्रॉवर लोटला. झालं. एवढंच होतं. ती मागे वळली तर दारात वहिनी उभ्या होत्या, साहेबांच्या पत्नी. केव्हापासून उभ्या होत्या कळलं नाही. पण त्यांचं ड्रॉवरकडे लक्षच नव्हतं. "तुम्ही आहात होय, बाई," त्या म्हणाल्या. "बरं झालं. मला तुमच्याशीच बोलायचं होतं." आत येऊन त्यांनी दार लोटलं आणि साहेबांच्या खुर्चीत बसल्या, अगदी कडेला.

"सकाळी तुम्हाला फोन केला होता का हो त्यांनी? सह्या केल्यावर?" तिनं नकारार्थी मान हलवली. "मला वाटलं, केला असेल. आवाज कसा होता ते विचारणार होते." वहिनींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या फार सावकाश बोलत होत्या. "घोरतात म्हणून मी पलीकडे झोपते. काल दमून आले होते. म्हटलं, निजू दे. मी फिरायला गेले, परत आले, पेपर वाचला, त्यांचं दार बंदच. दाराला कानसुद्धा लावला मी. काही ऐकू आलं नाही, म्हटलं, लागलीय झोप. मग अकरा वाजले तरी उठले नाहीत म्हणून मी चहा घेऊन गेले तेव्हा..." त्यांनी बोटं एकमेकांत अडकवली. "डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेले. तेव्हा मला... काय सांगू बाई, जीव भांड्यात पडला. म्हणजे मी आत गेले असते तरी काही होणार नव्हतं. नंतर भाऊजींनी मोबाइल दाखवला. म्हणाले, डॉक्टर अंदाजानं बोलतात, सिस्टीम अंदाजानं बोलत नाही. दहाला जिवंत होता तो, बसून काम करत होता. तू सकाळी एकदा डोकावली असतीस तर." त्या "तर" म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या. खोलीबाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. "आणि ते शेवटचं लिहिलंय ना. विलंब टाळावा. सगळे म्हणतात, ऑफिसासाठी लिहिलं. मला सारखं वाटतंय, छातीत दुखत असेल, हाक मारायला आवाज फुटत नसेल, आणि ते त्यांनी मलाच लिहिलं."

तिचा हात मागे ड्रॉवरच्या मुठीवरच होता. तिला वाटलं, आपण काही बोलायचं नाही, सांत्वन करायचं, सगळे करतात तसं, असं मनाला लावून घेऊ नका वहिनी, म्हणायचं आणि डोकं दुखतंय म्हणून निघायचं. घरी नवरा वाट बघत असेल. पगार येत राहील. चौकशी लागणार नाही. आणि ही बाई पुढची वीस वर्षं, तीस वर्षं, प्रत्येक बंद दाराला कान लावत फिरेल, आणि लोक तिला सांगून सांगून दमतील. फरक एवढाच की आईच्या वेळी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. इथं एकीला ठाऊक होतं. तिच्या कानात एसीसारखा एकसुरी आवाज घुमायला लागला. नोकरी, ती मनाशी म्हणाली, नोकरी, आणि तो शब्द हळूहळू नुसता आवाजच झाला.

तिनं ड्रॉवर उघडला आणि डोंगल काढून टेबलावर ठेवलं. "हे आत्ता मीच आत टाकलं वहिनी. हे कधीच या घरी नव्हतं. माझ्या ड्रॉवरमध्ये असतं, पहिल्या दिवसापासून. सकाळच्या सह्या मी केल्या." वहिनी त्या फितीकडे बघत राहिल्या. "त्यांनी सांगितलं होतं?" "काल संध्याकाळी. सगळ्यांना हं म्हणाले होते. मी रोज सकाळी करते. आज मला ठाऊक नव्हतं." "आणि ते लिहिलेलं?" "ते रोजचंच आहे. खुर्च्यांच्या फाइलीवरसुद्धा तेच लिहिते मी." तिला वाटलं, आता वहिनी चिडतील, आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या नावानं सह्या करणारी म्हणून दोन शब्द सुनावतील, आणि ते बरंही वाटलं असतं. पण वहिनींनी डोंगल उचललं, तळहातावर धरलं आणि अगदी हळू विचारलं, "म्हणजे दहाला ते नव्हते?" "नव्हते वहिनी. डॉक्टर म्हणाले तेच खरं." मग वहिनींना रडू फुटलं, सकाळपासूनचं, तोंड उघडं टाकून, आणि त्या रडण्यातच त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "हे भाऊजींना सांगाल? सगळ्यांसमोर? मी सांगितलं तर म्हणतील, स्वतःच्या मनाची समजूत घालतेय."

हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. एका खोलीत, एका माणसापाशी सांगून हे मिटणारं नव्हतं. तिनं मनगट सोडवून घेतलं आणि डोंगल परत हातात घेतलं. बाहेरच्या खोलीपर्यंत चार पावलांचा बोळ होता. दारात पोचल्यावर तिला सगळे एकदम दिसले: मोठे साहेब, पाण्याचा ट्रे धरलेले मामा, खिडकीपाशी कॉम्प्युटरवाला, आणि मधोमध मोबाइल घेऊन भाऊजी. कॉम्प्युटरवाल्यानं तिच्या मुठीतून लोंबणारी पांढरी फीत पाहिली आणि मान खाली घातली. "साहेब पहाटेच गेले," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "डॉक्टर बरोबर सांगतात. वहिनी आत गेल्या असत्या तरी काही झालं नसतं."

भाऊजींनी मोबाइल तिच्यासमोर धरला. "मग दहाची ही सही कुणाची आहे?"

जुनं उत्तर सवयीनं जिभेवर आलंच होतं. तिनं ते गिळलं.

"माझी," ती म्हणाली.